श्रावण पाळा, पण आधी पहिल्या घोटाची वेळ सांगा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आषाढातल्या शेवटच्या दिवसाला पंचांगात दीप अमावास्या म्हणतात. घरातल्या समया आणि निरांजने घासून, पाटावर मांडून त्यांची पूजा करण्याचा तो दिवस. लोकव्यवहारात त्याच दिवसाला 'गटारी' हे नाव पडले आणि दरवर्षी त्याच्या आगेमागे मटणाच्या दुकानांपुढच्या रांगांची छायाचित्रे व 'तळीरामांची चंगळ' अशा धर्तीचे मथळे वर्तमानपत्रांतून दिसू लागले. या मथळ्यांना माझा सोवळ्यातला आक्षेप नाही. मी स्वतः सोवळ्यातला नाही, हे पुढे येईलच. माझी तक्रार अशी आहे की, गटारीची बातमी छापली जाते, मात्र तिच्या दुसऱ्या दिवशी जे सुरू होते त्याविषयी एक ओळही वाचायला मिळत नाही. महाराष्ट्रात असंख्य पिणारी माणसे, कोणा डॉक्टरने सांगितलेले नसताना, एकाच दिवशी एकदम दारू सोडतात आणि महिनाभर, काही जण तर अनंत चतुर्दशीपर्यंत म्हणजे सुमारे दीड महिना, तिला शिवत नाहीत. शरीराला मिळणारी ही विश्रांती बहुतेकांसाठी फार मोलाची आहे आणि थोड्यांसाठी जीवघेणी ठरू शकते. साखर कारखान्यांच्या पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी पस्तीस वर्षे दवाखाना चालवून निवृत्त झाल्यावर, या दोन्ही गोष्टी मी पाहिल्या आहेत म्हणून हे पत्र लिहितो आहे. ते लांबले आहे, याची मला जाणीव आहे.

आधी हिशेब सांगतो, कारण पिणाऱ्या माणसाचा सर्वांत मोठा गैरसमज मापाचा असतो. आपल्याकडच्या व्हिस्की, रम, ब्रँडी यांच्या बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ असा की, ३० मिलिलिटरच्या एका लहान पेगमध्ये जवळजवळ १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. ६० च्या मोठ्या पेगमध्ये २० आणि क्वार्टरमध्ये, म्हणजे १८० मिलिलिटरमध्ये, सुमारे ६० ग्रॅम. आता बिअरकडे पाहू. 'डॉक्टर, मी दारू घेत नाही, फक्त बिअर घेतो,' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की, ते ऐकले की माझा हात आपोआप कागद-पेनाकडे जात असे. स्ट्राँग बिअरमध्ये मद्यार्काचे प्रमाण ८ टक्क्यांपर्यंत असते आणि बाटली ६५० मिलिलिटरची असते. गुणाकार केला तर एका बाटलीत ४० ग्रॅम, म्हणजे चार लहान पेग भरतात. दोन बाटल्या रिचवून 'आज काही घेतली नाही' म्हणणाऱ्याने क्वार्टरहून अधिक घेतलेली असते. मुतखड्यावर बिअर हा उपाय गावोगावी सांगितला जातो, तोही इथेच निकालात काढतो. मद्यार्क मेंदूतून येणाऱ्या, लघवी रोखून धरणाऱ्या संप्रेरकाला दाबतो, त्यामुळे लघवी जास्त होते हे खरे, परंतु त्यातून शरीरातले पाणी कमी होते आणि रक्तातले यूरिक आम्ल वाढते. मुतखड्याच्या रुग्णाला पाणी हवे, बिअर नको. सर्दी झालेल्या लहान मुलाला चमचाभर ब्रँडी पाजणे हा त्याहून वाईट प्रकार आहे. त्वचेतल्या रक्तवाहिन्या पसरल्याने अंग गरम वाटते, प्रत्यक्षात शरीरातली ऊब बाहेर पडत असते, आणि लहान मुलात रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते.

पोटात गेलेला मद्यार्क पचावा लागत नाही. थोडा जठरातून आणि बराचसा लहान आतड्यातून तो थेट रक्तात उतरतो. पोटात अन्न असेल तर सावकाश, रिकाम्या पोटी भराभर. उतरवण्याचे काम मात्र जवळजवळ सगळे यकृताला करावे लागते आणि यकृताला घाई करता येत नाही. ते ताशी सुमारे ७ ते १० ग्रॅम या गतीने काम करते. लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची अंघोळ किंवा ताक यांपैकी कशानेही ही गती वाढत नाही. रात्री अकराच्या सुमारास घाईघाईने संपवलेल्या क्वार्टरचा अंश सकाळी सहाला मोटारसायकलला किक मारताना रक्तात असू शकतो, आणि कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तामागे ३० मिलिग्रॅम एवढीच आहे. यकृत मद्यार्काचे आधी ॲसिटाल्डिहाइड नावाच्या विषारी रसायनात आणि मग निरुपद्रवी ॲसिटेटमध्ये रूपांतर करते. मधल्या टप्प्यातले हे रसायन पेशींमधल्या डीएनएला इजा करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्याला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांमध्ये स्तन ही त्याची ठिकाणे. त्यातही जो माणूस पेगबरोबर तंबाखूची चिमूट किंवा गुटखा तोंडात ठेवतो, त्याच्या तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका नुसत्या बेरजेने वाढत नाही. दारू आणि तंबाखू एकमेकांचा धोका वाढवतात. २०२३ च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेने मद्याची कोणतीही मात्रा सुरक्षित नाही असे स्पष्ट सांगितले, तेव्हा 'थोडी रेड वाइन हृदयाला चांगली' या समजुतीचाही आधार गेला.

पिणाऱ्यांच्या बोलण्यात आणखी एक वाक्य अभिमानाने येते: 'मला चढतच नाही.' लग्नाच्या वरातीत हे वाक्य कौतुकाने ऐकले जाते. दवाखान्यात ते ऐकले की मी सावध होत असे. चढत नाही याचा अर्थ शरीराला बाधत नाही असा नसून, मेंदूने मद्यार्काच्या मुक्कामाला जागा करून दिली आहे असा आहे. मद्यार्क मेंदूतल्या शांत करणाऱ्या यंत्रणेला बळ देतो आणि उत्तेजित करणाऱ्या यंत्रणेला दाबतो. रोजच हे घडू लागले की मेंदू तोल सावरण्यासाठी उलट बाजूने जोर लावतो: शांत करणारी यंत्रणा मंद करतो आणि उत्तेजित करणारी वाढवतो. मग तेवढ्याच दारूने काही वाटेनासे होते आणि दारू नसली की अस्वस्थ वाटते. या जागी जो येऊन पोहोचला आहे त्याचा श्रावण इतरांच्या श्रावणापेक्षा वेगळा असतो. त्याच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

बहुसंख्य पिणारे त्या टोकाला नसतात. मीही नव्हतो. नोकरीधंद्यातल्या मित्रांबरोबर शनिवारी 'बसणे' आणि दोन पेग घेणे, एवढाच माझा रिवाज होता, निदान माझी तशी समजूत होती. पन्नाशीच्या सुमारास रक्तदाब वरचा दिसू लागला तेव्हा मी एका संध्याकाळी दवाखान्यातला औषध मोजायचा काचेचा मापक घरी आणला आणि नेहमीच्या हाताने ग्लासात ओतलेली व्हिस्की त्यात ओतून पाहिली. माझा 'पेग' ९० मिलिलिटरचा भरला. म्हणजे दोन पेगांच्या नावाखाली मी क्वार्टर पीत होतो आणि आठवड्यातून एकदा नव्हे, तर मोजू लागल्यावर कळले, तीनदा. रुग्णांना इतकी वर्षे गुणाकार शिकवणाऱ्या माणसाने स्वतःचा गुणाकार केला नव्हता. त्या वर्षीचा श्रावण मी पाळला, देवासाठी कमी आणि कुतूहलापोटी जास्त.

पहिल्या आठवड्यात झोप बिघडली. दारूने झोप लागते हे अर्धेच खरे आहे: डोळा लवकर लागतो, पण रात्रीच्या उत्तरार्धात मद्यार्क उतरू लागला की झोप तुटक होते आणि स्वप्नांची झोप कमी पडते, घोरणे वाढते ते वेगळेच. शरीराला त्या गुंगीची सवय झालेली असल्याने सुरुवातीच्या काही रात्री डोळा लागायलाच वेळ लागला. दहाव्या-बाराव्या दिवसापासून मात्र मी पहाटे तीनला जागा होईनासा झालो आणि सकाळी तोंडाची कोरड व छातीतली जळजळ गेली. महिन्याच्या शेवटी रक्तदाबाचा वरचा आकडा खाली आला होता. गोळी चालूच होती, तरी आला होता. वजन मात्र म्हणावे तसे उतरले नाही आणि त्याचा दोष साबुदाण्याच्या खिचडीला आहे. एका क्वार्टरमध्ये सव्वाचारशेच्या आसपास कॅलरी असतात, त्या वाचवून त्यांच्या जागी तूप-दाण्याच्या कूटाची खिचडी, वेफर्स आणि बटाट्याची भाजी दिवसातून दोनदा खाल्ली तर काटा हलत नाही, एवढे मी स्वानुभवाने सांगू शकतो.

एका माणसाचा अनुभव हा पुरावा नव्हे, म्हणून पुराव्याचेही सांगतो. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातल्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मध्यम ते जास्त प्रमाणात पिणाऱ्या, पण व्यसनी नसलेल्या ९४ जणांनी महिनाभर दारू सोडली आणि ४७ जणांनी नेहमीप्रमाणे चालू ठेवली. सोडणाऱ्यांच्या शरीराचा इन्सुलिनला होणारा विरोध, जो मधुमेहाच्या वाटेवरचा महत्त्वाचा टप्पा आहे, सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाला. रक्तदाब ६ टक्क्यांच्या आसपास आणि वजन दीड टक्क्याने उतरले. कर्करोगाच्या वाढीशी संबंध असलेले रक्तातले दोन घटकही लक्षणीय घटले. आहार किंवा व्यायामात त्यांनी मोठे बदल केलेले नव्हते. कोण सोडणार आणि कोण चालू ठेवणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते, ही त्या अभ्यासाची मर्यादा आहे आणि हे फायदे पुढे किती टिकतात हेही त्यातून ठरत नाही. तरी चार आठवड्यांत इतके घडू शकते, ही बाब श्रावण पाळणाऱ्यांना उमेद देणारी आहे. ब्रिटनमध्ये २०१३ पासून 'ड्राय जानेवारी' नावाची मोहीम चालते, वर्षाच्या पहिल्या महिन्यात दारू सोडण्याची. तिचे कौतुक आपल्याकडच्या इंग्रजी पुरवण्यांत वाचायला मिळते, आणि आपल्या आजोबा-पणजोबांनी कोणत्याही ॲपशिवाय पाळलेला श्रावण मात्र विनोदाचा विषय होतो, याची मला गंमत वाटते.

यकृताविषयी थोडे सविस्तर लिहितो. नियमित भरपूर पिणाऱ्या बहुतेकांच्या यकृतात चरबी साठते. या अवस्थेत दुखत नाही, खुपत नाही, कावीळ नसते. सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' असे लिहून येते आणि कागद कपाटात जातो. दारूने झालेली ही अवस्था दारू थांबवली तर काही आठवड्यांत बरीचशी मागे फिरते, आणि माणसाच्या शरीरात इतके क्षमाशील इंद्रिय दुसरे क्वचितच असेल. पिणे चालू राहिले तर त्यांतल्या काहींना यकृताचा दाह होतो, आणि काहींचे यकृत जून व्रणासारखे कठीण बनून सिरोसिस होतो, तिथून परतीची वाट जवळपास नसते. तरी त्या टप्प्यावरही दारू सोडणाऱ्याचे आयुष्य न सोडणाऱ्यापेक्षा वाढते. ज्यांना श्रावणाचा परिणाम डोळ्यांनी पाहायचा आहे त्यांनी श्रावणाच्या आधी आणि शेवटी यकृताच्या तपासण्या करून घ्याव्यात. त्यातला गॅमा जीटी नावाचा आकडा दारूच्या बाबतीत बोलका असतो. पिणे थांबल्यावर दोन ते चार आठवड्यांत तो निम्म्यावर येऊ शकतो. 'डॉक्टर, मी फारशी घेत नाही' म्हणणाऱ्या किती रुग्णांचे गणेशोत्सवातले रिपोर्ट त्यांच्या जूनमधल्या रिपोर्टांशी मी शेजारी ठेवून दाखवले असतील! आकडा उतरलेला पाहून माणूस खूश होत असे आणि मग त्याच्या लक्षात येत असे की, हा आकडा खाली आला म्हणजे वर कशाने गेला होता हेही सिद्ध झाले. यकृत 'साफ' करणारी सिरप आणि काढे यासाठी विकत घेण्याची गरज नसते. यकृताला औषध हवे असते ते दारूच्या अनुपस्थितीचे.

आता ज्या कारणाने हे पत्र लिहायला बसलो ते सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. ऊसतोडणीच्या टोळीचा मुकादम असलेला, चाळिशीतला एक गृहस्थ माझ्याकडे पोटदुखीसाठी येत असे. तो रोज पितो हे मला माहीत होते. सगळ्या गावालाच माहीत होते. आषाढाच्या अखेरीस तो आला तेव्हा मी त्याला दटावले आणि त्याच्या बायकोसमोर वचन घेतले की, श्रावणापासून थेंबही घ्यायचा नाही. तो शब्दाचा पक्का निघाला. रविवारी गटारी झाली आणि सोमवारी, पहिल्या श्रावणी सोमवारी, त्याने कडक उपवास धरला. संध्याकाळी हात थरथरू लागले, घाम फुटला, रात्रभर झोप नाही. घरच्यांना वाटले, उपवासाने अशक्तपणा आला असेल. मंगळवारी सकाळी त्याला झटका आला. शेजाऱ्यांनी नाकाला चप्पल लावली, कांदा फोडून हुंगवला. रात्री तो भिंतीतून माणसे येत असल्याचे सांगू लागला, अंगावरचे न दिसणारे किडे झटकू लागला, बायकोला ओळखेना. बुधवारी त्याला गावाबाहेरच्या एका जाणत्याकडे नेले, कारण श्रावणात एकाएकी असे झाले म्हणजे 'बाहेरचे' काही असणार. माझ्यापर्यंत तो बुधवारी दिवे लागणीला पोहोचला, तापाने फणफणलेला, नाडी भरधाव. मी त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले, तिथे तो आठ दिवस राहिला आणि वाचला. वाचला नसता तर तो माझ्या सल्ल्याने मेला असता. मी त्याला दारू सोडायला सांगितले. एक साधा प्रश्न विचारला नव्हता: 'सकाळी पहिला घोट किती वाजता लागतो?' त्याच्या बायकोने नंतर सांगितले, उठल्याबरोबर, चहाच्या आधी. नाहीतर कपबशी हातात धरवत नाही.

जे घडले त्याचे कारण वर सांगितलेल्या तोलात आहे. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाच्या मेंदूने उलट बाजूने लावलेला जोर दारू थांबल्याबरोबर थांबत नाही. दाबणारा हात अचानक निघाला की स्प्रिंग उसळावी तसे होते. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांपासून थरथर, घाम, मळमळ, छातीत धडधड आणि बेचैनी सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काही जणांना भ्रम, भास, ताप आणि रक्तदाबाची उसळी असे गंभीर चित्र दिसते, त्याला वैद्यकात डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार नसतील तर त्यात मृत्यूचे प्रमाण मोठे आहे, वेळेवर उपचार मिळाले तर ते फारच कमी होते. उपचार अवघडही नाहीत: मेंदूची उसळी शांत करणारी ठरावीक औषधे, जी आठवडाभरात कमी करत नेतात, आणि थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, ज्याचा अशा रुग्णांत हमखास तुटवडा असतो. इथे एक सूचना नातेवाइकांसाठी. 'डॉक्टर, अशक्तपणा आहे, ग्लुकोजची सलाइन लावा' असा आग्रह आपल्याकडे सर्रास धरला जातो. दारूच्या रुग्णाला थायमिन दिल्याशिवाय नुसते ग्लुकोज चढवल्याने मेंदूला इजा होण्याचा धोका असतो, म्हणून डॉक्टरला तो रोज पितो हे आधी सांगावे. लाजेपोटी लपवलेली ही एक गोष्ट फार महागात पडते.

म्हणून माझी विनंती अशी आहे. ज्याला सकाळी उठल्यावर घेतल्याशिवाय हात स्थिर होत नाहीत, ज्याला आधी कधी दारू थांबवल्यावर झटका किंवा भास झाला आहे, जो रोज क्वार्टर किंवा त्याहून अधिक घेतो, किंवा ज्याला मिरगीचा, यकृताचा वा हृदयाचा आजार आहे, त्याने श्रावणाच्या पहिल्या दिवशी आपल्या मनाने एकदम दारू थांबवू नये. आधी डॉक्टरला भेटावे आणि त्यांच्या देखरेखीखाली सोडावे. याचा अर्थ त्याने पीत राहावे असा कोणी काढू नये. सोडण्याची गरज खरे तर त्यालाच सर्वांत जास्त आहे. प्रश्न फक्त पद्धतीचा आहे. बाकीच्यांनी, म्हणजे शनिवार-रविवार किंवा आठवड्यातून तीन-चारदा बेताने घेणाऱ्यांनी, खुशाल अमावास्येनंतर बाटली बंद करावी. त्यांना फार तर चार रात्री झोप कमी आणि थोडी चिडचिड एवढेच सोसावे लागेल. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र उपवास आणि गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांना विचारून घ्याव्यात, तसेच दारूची जागा तंबाखूने भरून काढू नये. ही अदलाबदल श्रावणात पुष्कळ होते आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष नसते.

गटारीच्या रात्रीचेही दोन शब्द सांगायला हवेत. 'उद्यापासून बंद' म्हणून एका बैठकीत महिन्याची बेगमी करणाऱ्यांच्या हृदयाची लय बिघडू शकते. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी सुटीच्या दिवसांत भरमसाट पिऊन येणाऱ्या रुग्णांतल्या या प्रकाराला 'हॉलिडे हार्ट' असे नाव दिले. आपल्या पंचांगाप्रमाणे त्याला गटारी हृदय म्हणता येईल. स्वादुपिंडाला अचानक सूज येऊन पाठीत आरपार जाणारी पोटदुखी आणि उलट्या घेऊन येणारे रुग्ण मी श्रावण प्रतिपदेला जवळजवळ दरवर्षी पाहिले. दुसऱ्या दिवशीच्या डोकेदुखीवर पॅरासिटामॉलच्या गोळ्या भरमसाट गिळणे हाही यकृतावरचा दुहेरी घाव आहे. महिनाभराच्या विश्रांतीची सुरुवात यकृताला अतिदक्षता विभागात ढकलून करण्यात कोणते पुण्य आहे, हे मला उमगलेले नाही.

आणि श्रावण संपल्यावर काय? पिठोरी अमावास्येच्या संध्याकाळी, किंवा विसर्जनाहून परतल्यावर, महिन्याची कसर भरून काढायची, हा रिवाज सर्वांच्या परिचयाचा आहे. महिनाभरात शरीराची सवय मोडलेली असते, पूर्वीची मात्रा आता जास्त चढते आणि अपघात त्याच रात्री होतात. तसे करण्याचे कारण मात्र नाही. ब्रिटनमधल्या ससेक्स विद्यापीठाने २०१८ सालच्या 'ड्राय जानेवारी'त भाग घेतलेल्यांची ऑगस्टमध्ये पाहणी केली तेव्हा त्यांचे आठवड्यातले पिण्याचे दिवस सरासरी ४.३ वरून ३.३ वर आलेले होते. म्हणजे पुष्कळांचा हात महिन्याच्या सुटीनंतर आपोआप आखडतो. माझा आखडला. मी विसर्जनानंतर मापक दवाखान्यात परत नेला नाही, कपाटात ग्लासांशेजारी ठेवला. पुढच्या दोन वर्षांत शनिवारची बैठक महिन्यातून एकदा उरली आणि २०२३ साली अधिक श्रावण आला तेव्हा दोन महिन्यांची सुटी घेतल्यावर पुन्हा सुरू करण्याची इच्छाच झाली नाही. प्रत्येकाचे असेच होईल असे मी म्हणत नाही. ज्याला श्रावणाचे दिवस बोटांवर मोजावे लागतात, ज्याला संध्याकाळी सात वाजले की घरात थांबवत नाही, त्याला या महिन्याने एक महत्त्वाची माहिती दिलेली असते, आणि ती घेऊन त्याने डॉक्टरकडे किंवा व्यसनमुक्ती केंद्राकडे जावे.

आपल्याकडे मदत उपलब्ध नाही असे नाही. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राने व्यसन हा आजार आहे, पाप नव्हे, ही गोष्ट मराठी घरांत रुजवली. दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा महाराष्ट्रात अनेक ठिकाणी मराठीतून होतात आणि तिथे नाव विचारत नाहीत, पैसे मागत नाहीत. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची निःशुल्क हेल्पलाइन १४४४६ या क्रमांकावर आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस सेवा १४४१६ वर आहे. तरीही एम्सच्या नेतृत्वाखाली झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी अवघ्या एकाला कोणत्याही प्रकारचे उपचार किंवा मदत मिळालेली होती. उरलेल्या सदतीस जणांपैकी कित्येकांचा स्वतःवर केलेला एकमेव प्रयोग म्हणजे श्रावण. तो एकट्याने, काही माहिती न घेता, उपाशीपोटी केला जातो.

म्हणून आपणास विनंती आहे की, यंदा गटारीच्या दिवशी पहिल्या पानावर रांगेचे छायाचित्र अवश्य छापा, परंतु त्याच्या शेजारी चार ओळींची एक चौकट द्या. दारू थांबवल्यावर हात थरथरणे, दरदरून घाम, झटका, भास किंवा बरळणे यांपैकी काहीही दिसले तर तो उपवासाचा अशक्तपणा नाही आणि बाहेरची बाधाही नाही, रुग्णाला त्याच तासात रुग्णालयात न्या, आणि तो रोज किती पितो हे डॉक्टरला खरे सांगा, एवढाच मजकूर त्यात पुरेसा आहे. सोबत वरचे दोन्ही क्रमांक ठळक अक्षरात छापावेत. चौकट सकाळच्याच अंकात हवी, कारण आमच्या भागात वर्तमानपत्र दुपारपर्यंत हातोहात फिरून संध्याकाळी भजी बांधायला जाते, आणि बैठका त्यानंतर सुरू होतात.

आपला नम्र,
एक निवृत्त कौटुंबिक डॉक्टर
जि. सातारा